रिकामी होणारी खुर्ची मोजा

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले, ‘दहा वर्षांत किती नोकऱ्या वाढणार हे विचारण्याआधी किती माणसं घरी जाणार ते विचारा.’ त्या एका वाक्यावर टपालाचा ढीग आला. काहींना पटलं, काहींनी झाडलं, आणि एकांनी तर मलाच खिंडीत गाठलंय. त्यांचं पत्र मुद्दाम शेवटी ठेवलंय. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयात १९८७ पासून २०१९ पर्यंत होते. ‘एम्प्लॉयमेंटला नाव घातलंय’ असं लोक म्हणायचे ना, ते नाव ज्या कार्डावर चढायचं ती कार्डं लिहिणारी मी. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून गाळली आहेत.

ताई, माझं गाव पैठण तालुक्यात, बिडकीनपासून आठ किलोमीटर. पोरगा दहावी झाला, ६८ टक्के. पेपरात येतंय की बिडकीनला टोयोटाची कंपनी येणार, आठ हजार लोक घेणार. आयटीआयला इलेक्ट्रिक व्हेइकल मेकॅनिकचा ट्रेड मिळतोय, वीजतंत्रीचा पण मिळतोय. पोरगा म्हणतो गाड्यांचाच घेतो. दहा वर्षांनी इथं नेमकं काय चालेल? – एक शेतकरी, ता. पैठण

दादा, आधी तो आठ हजारांचा आकडा हातात घेऊन उलटसुलट करून बघू. ३१ जुलै २०२४ ला राज्य सरकार आणि टोयोटा किर्लोस्कर यांच्यात सामंजस्य करार झाला. गुंतवणूक वीस हजार कोटींच्या घरात, गाड्या इलेक्ट्रिक आणि हायब्रीड. त्याच्या महिनाभर आधी एथर या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनीही आपल्याकडे यायचं जाहीर केलं, त्यांचा आकडा चार हजारांचा. करार म्हणजे सुपारी फुटली एवढंच. लग्न लागायचंय, आणि पुढे घर भरायला किती वर्षं जातील ते वेगळंच. असे आकडे कारखाना पूर्ण क्षमतेने, सगळ्या पाळ्यांत चालला तर लागणाऱ्या माणसांचे असतात. आणि काढलेले कोणी असतात? येणाऱ्यानेच. जमीन, पाणी, सवलती यांची बोलणी चालू असताना हात आखडून आकडा कोणी सांगत नाही. हे मी एका कंपनीबद्दल म्हणत नाही, रीतच तशी आहे. शिवाय ‘आठ हजार लोक’ म्हणजे आठ हजार कायम कामगार असं धरून चालू नका. देशातल्या कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत कामगारांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास कंत्राटदारामार्फत लागलेले दिसतात.

अंदाज ही वेगळी चीज आहे. अमेरिकेत कामगार सांख्यिकी ब्यूरो पुढच्या दहा वर्षांचा अंदाज काढतो, आणि तिथलं प्रत्येक राज्य आपापला वेगळा काढतं, एक दहा वर्षांचा आणि एक दोन वर्षांचा. पद्धत लग्नातल्या स्वयंपाकासारखी. आधी पानं किती उठणार, म्हणजे काम करणारी माणसं किती. मग पदार्थ कोणते, म्हणजे कुठला उद्योग किती माल काढणार. मग त्या पदार्थाला आचारी किती आणि वाढपी किती, म्हणजे त्या उद्योगात फिटर किती, ड्रायव्हर किती, हिशेबनीस किती. एवढं झालं की ते दोन ढीग करतात. एक ढीग नव्याने निघणाऱ्या जागांचा. दुसरा, माणूस निवृत्त झाला किंवा धंदा बदलून गेला म्हणून रिकाम्या झालेल्या जागांचा. २०२३ ते २०३३ साठी त्यांनी मांडलंय की अमेरिकेतला एकूण रोजगार १६ कोटी ७८ लाखांवरून १७ कोटी ४६ लाखांवर जाईल. म्हणजे दहा वर्षं मिळून वाढ सत्तर लाखांच्या आत. रिकाम्या होणाऱ्या जागा मात्र दर वर्षी कोटीच्या वर. पेपरात मथळा वाढीचाच होतो. पोरं लागतात ती बहुतेक दुसऱ्या ढिगातून.

आता संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत या. १९८५ च्या सुमाराला तिथे दुचाकीचा मोठा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे छोटे कारखाने रांगेने उभे राहिले. तेव्हा विशीत लागलेली पोरं आता साठीला टेकलीत. माझ्या ओळखीचे एक फिटर आहेत. कॉम्प्रेसरच्या आवाजावरून सांगतात, व्हॉल्व्ह गेलाय की नुसता बेल्ट सैल झालाय. गेल्या मार्चमध्ये त्यांना शाल-नारळ मिळाला. हाताखाली सहा वर्षांत एकही शिकाऊ दिलेला नव्हता. मे महिन्यात कंपनीचा फोन आला, ‘काका, कराराने येता का?’ आता रोज सकाळी स्कूटर काढून जातात, पगार निम्मा. असली जागा कुठल्याच घोषणेत नसते.

पण दोन गेले म्हणून दोन घेतीलच असंही नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. वेल्डिंगला रोबोट बसला की चारांच्या जागी एक येतो, आणि तो एक वेल्डर नसतो, रोबोट बंद पडल्यावर चालू करणारा असतो.

तुम्ही विचाराल, मग आपल्या जिल्ह्याचा हा दुसरा ढीग कोण मोजतं? त्याचा कच्चा माल माझ्या टेबलावर यायचा. १९५९ चा कायदा होता, पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने दर तिमाहीला ईआर-१ नावाचा फॉर्म भरून द्यायचा. माणसं किती, जागा किती निघाल्या, किती भरल्या. त्यात एक रकाना असा होता: लायक उमेदवार न मिळाल्याने रिकाम्या राहिलेल्या जागा. बत्तीस वर्षं मी त्या रकान्यात एकच शब्द वाचत आले, ‘निरंक’. आणि संध्याकाळी बसमधून घरी जाताना त्याच कंपन्यांच्या गेटवर फळ्यावर खडूने लिहिलेलं दिसायचं, ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजेत, त्वरित भेटा’. फॉर्म भरणारा वरच्या मजल्यावर, माणूस शोधणारा सुपरवायझर खाली शॉपवर. शिवाय रकाना भरला तर सरकारचं पत्र येईल, मग उत्तर द्या, ही भीती. एकदा मी एका कारखान्याच्या हिशेबनिसाला फोन करून विचारलं, ‘अहो, गेटवर तर बोर्ड लावलाय तुम्ही.’ म्हणाला, ‘मॅडम, मागच्या वेळी निरंक होतं, म्हणून याही वेळी निरंक.’

पोराच्या ट्रेडबद्दल माझं मत: वीजतंत्री. गाडी कारखान्यात जोडणारा आणि रस्त्यावर बंद पडलेली गाडी दुरुस्त करणारा ही दोन वेगळी माणसं. ईव्ही मेकॅनिक हा मुख्यतः दुसरा. त्याला काम मिळेलच, पण आसपास इलेक्ट्रिक गाड्या किती धावतात त्या बेताने. वीजतंत्री कारखान्यात चालतो, दूध डेअरीत चालतो, दवाखान्यात, सोलरवर, वीज कंपनीच्या ठेकेदाराकडे चालतो, आणि टोयोटा आली तर तिथेही त्याला कोणी नाही म्हणणार नाही. काळजी करायची असेल तर कातारी म्हणजे टर्नर आणि जुन्या मशिनवरच्यांची करा. इलेक्ट्रिक स्कूटरला पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, गिअरबॉक्सचा तो पसारा नाही, आणि वाळूजच्या कितीतरी छोट्या शेडमध्ये हेच भाग निघतात.

ट्रेड कुठलाही घेतला तरी शिकाऊ उमेदवारी सोडू नका. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, २०१९ पासून हा नियम आहे. बिडकीनचं धुराडं दिसेपर्यंत वाट बघायची गरज नाही. चितेगावच्या कारखान्यांत आणि पैठणच्या एमआयडीसीत आजच चौकशी करा. आणि जाल तेव्हा ‘भरती आहे का’ असं विचारू नका. ‘मेंटेनन्सला सगळ्यात वयस्कर कोण आहे’ असं विचारा.

वाढवण बंदरामुळे दहा लाख रोजगार, असं सांगतात. आमची बोट बंद झाली तर ती या दहा लाखांतून वजा केली आहे का? – डहाणू

नाही. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या या बंदराला मंजुरी दिली, तेव्हा ‘प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष’ मिळून सुमारे दहा लाख असा तो आकडा सांगितला गेला. त्यातला ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द फार पोटाचा आहे, काहीही मावतं. इतके रुपये खर्च झाले की सिमेंट, ट्रक, गोदाम, खाणावळ यांत किती कामं निघतात याची कोष्टकं असतात, त्यांनी गुणाकार करायचा. निघालेलं काम डहाणूतच निघेल असं ते कोष्टक म्हणत नाही. सिमेंट चंद्रपूरचं असेल, ट्रकवाला राजस्थानचा. बांधकामाची कामं बांधकाम संपलं की संपतात, आणि आजच्या कंटेनर बंदरात क्रेन चालवायला पूर्वीइतकी माणसं लागत नाहीत. बोट, जाळं, मासे विकणारी बाई, बर्फवाला, यांच्या वजाबाकीचा रकानाच अशा हिशेबात नसतो. तुमच्या सोसायटीच्या सभेत दहा लाखांवर वाद घालत बसू नका. बंदर चालू झाल्यावर पाचव्या वर्षी पगारपत्रकावर कुठल्या कामाला किती माणसं असतील आणि त्यात पालघर जिल्ह्यातली किती, एवढं लेखी मागा.

ताई, मी बारावी सायन्स. घरचे म्हणतात डी.फार्म. कर, औषधांना मरण नाही. आमच्या तालुक्यात दोन वर्षांत तीन फार्मसी कॉलेजं निघाली, म्हणजे मागणी असणारच ना? – एक विद्यार्थिनी, जालना जिल्हा

बाळा, तीन कॉलेजं निघाली म्हणजे विद्यार्थ्यांची मागणी आहे. फार्मासिस्टची आहे की नाही ते त्यावरून कळत नाही.

तुमच्याकडे कांदा करतात का? भाव चढला की पुढच्या हंगामाला ज्याच्या त्याच्या वावरात कांदा. सगळ्यांचा एकदमच निघतो आणि मार्केटात गोणीचे पैसे सुटत नाहीत. मग पुढच्या वर्षी कोणी लावत नाही, आणि भाव पुन्हा चढतो. रिचर्ड फ्रीमन नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७६ साली दाखवलं की इंजिनिअरांचंही हेच होतं. आजचा पगार बघून पोरं कॉलेजात शिरतात, चार वर्षांनी एकदमच बाहेर पडतात, तोवर बाजार बदललेला असतो. फरक एवढाच की कांद्याला चार महिने लागतात आणि माणसाला चार वर्षं.

आपल्याकडे हे डी.एड.ला झालं. शिक्षणसेवक म्हणून लागायचं, तीन वर्षांनी कायम, घराजवळची शाळा. डी.एड. झालेल्या मुलीला स्थळं चालून यायची. मग कॉलेजंही अशी निघाली की काही ठिकाणी मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरायचा. आमच्या कार्यालयात डी.एड.च्या कार्डांसाठी वेगळं कपाट मागवावं लागलं. सुतळीने बांधलेले शंभर-शंभरचे गठ्ठे, वर वर्ष लिहिलेलं. २०१२ ला शिक्षकभरती थांबली. नूतनीकरणाला तीच तीच मुलं यायची. आधी हातात फाइल, पुढच्या वेळी कडेवर मूल, त्याच्या पुढच्या वेळी स्वतः न येता भावाला पाठवलेलं. अभियोग्यता चाचणी व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. ‘शिक्षकांना मरण नाही’ हे वाक्यही तेव्हा घरोघरी म्हटलं जायचं, आणि ते चुकीचं नव्हतं. शिक्षक लागतच होते. पण कपाटातल्या गठ्ठ्यांइतके लागत नव्हते.

फार्मसीचं म्हणशील तर २०१९ ला फार्मसी कौन्सिलनेच ठरवलं होतं की पाच वर्षं नवी कॉलेजं नकोत. तो निर्णय कोर्टात टिकला नाही, २०२२ ला सुप्रीम कोर्टाचाही निकाल तसाच लागला. त्यानंतर तुझ्या तालुक्यात तीन निघाली. तू दोन आकडे काढ. जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांतून दर वर्षी किती डी.फार्म. बाहेर पडणार, हा पहिला, तो प्रवेशाच्या यादीवरून निघतो. दुसऱ्यासाठी तालुक्याच्या बाजारातल्या दहा मेडिकलमध्ये जा, भिंतीवर परवाना टांगलेला असतो, त्यावरच्या नावाचा माणूस दुकानात आहे का बघ. तो जर दुसऱ्याच गावी असेल आणि नुसता कागद भाड्याने लावला असेल, तर या तालुक्यात त्या कागदाला काय भाव मिळतो तेही विचार. पगाराचा खरा आकडा तिथे कळेल. एवढं करूनही आवड असेल तर खुशाल कर, पण मग बी.फार्म.पर्यंत जायची तयारी ठेव.

आमची हापूसची साडेतीनशे कलमं आहेत. राखणीला, फवारणीला, काढणीला गेली बारा वर्षं नेपाळची माणसं. गावातली पोरं मुंबईला, नाहीतर घरी मोबाइलवर. सरकारी पाहणी म्हणते तरुण बेकार आहेत, मला तर माणूस मिळत नाही. खोटं कोण बोलतंय? – एक बागायतदार, रत्नागिरी तालुका

भाऊ, कोणीच नाही. २०१७ पासून देशात जी श्रमशक्ती पाहणी चालते तीत घरी जाऊन विचारतात, काम करता का, नसेल तर शोधताय का. तुमच्या गावचा बी.कॉम. झालेला पोरगा ‘शोधतोय’ म्हणतो आणि ते खरंच आहे. तो बँकेत, कंपनीत शोधतोय. कलमाखाली खोपी बांधून ऑक्टोबर ते मे तिथेच राहायचं, रात्री वानर आणि चोर बघायचे, पहाटे पंप पाठीला लावायचा, असलं काम तो शोधत नाही. तुमची मागणी नुसती ‘एक माणूस’ अशी नाहीच. ‘आठ महिने, चोवीस तास, बागेतच मुक्काम, आणि पावसाळ्यात गरज नाही’ अशी आहे. घर असलेल्या माणसाला ती परवडत नाही. घर हजार कोसांवर ठेवून आलेल्यालाच परवडते.

आता तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. तुम्हाला पुढच्या दहा वर्षांचा अंदाज हवा असेल तर तो रत्नागिरीत बसून निघणार नाही. तुमचा माणूस आखातात किंवा मलेशियात जाऊ शकतो, त्याचा धाकटा भाऊ बहुधा गेलाही असेल. तिथली मागणी वाढली की तुमची बाग रिकामी. यंदा हिशेब करताना त्याला विचारा, गावाकडून पुढच्या वर्षी किती जण येणार, आणि जे नाही येणार ते कुठे निघालेत. मला अशी दोन-तीन बागायतदारांची उत्तरं पाठवलीत तर पुढच्या अंकात घेईन. जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे नीट निघावेत म्हणून २०२५ च्या जानेवारीपासून या पाहणीची आखणी जिल्हा धरून केली आहे. पण तुमच्या खोपीत राहणारा नेपाळी रत्नागिरीच्या आकड्यात किती पकडला जातो याबद्दल मी फार आशावादी नाही.

जागतिक अहवालात २०३० पर्यंत १७ कोटी नव्या नोकऱ्या असं वाचलं. त्यात बीडचा वाटा किती? – स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

त्याच अहवालातली पुढची ओळही वाचायची होती: ९ कोटी २० लाख नोकऱ्या जाणार. निव्वळ भर ७ कोटी ८० लाखांची, आणि तीही साऱ्या जगाची. मोठमोठ्या कंपन्यांना विचारून केलेली ती पाहणी आहे, तिला बीड ठाऊक नाही. आपला जिल्ह्याचा अंदाज का निघत नाही म्हणशील, तर पानं किती उठणार हेच धड माहीत नाही. शेवटची जनगणना २०११ ची, पुढची २०२७ ला. २००९ च्या धोरणात २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कौशल्य शिकवायचं असं लिहिलं होतं. तो आकडा कामावर घेणाऱ्यांना विचारून आला असता तर एवढा गोल आला नसता. अभ्यास चालू दे. सोबत काहीतरी हातचं ठेव.

मी सांगलीची, जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली, खासगी रुग्णालयात चार वर्षं. जर्मनीच्या करारात जावं का? जर्मन शिकायला वर्ष जाईल आणि तोवर तिकडची मागणी संपली तर? तिथे कंपन्या माणसं कमी करताहेत असंही वाचते.

तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकांत अडकल्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल माणसं पाठवायची. स्टुटगार्ट याच राज्याची राजधानी. मर्सिडीज, पोर्शे, बॉश सगळे तिथले. त्या मोटार उद्योगात कपात चालू आहे, तू वाचलंस ते खरं आहे. पण तुझं काम मोटारींच्या खपावर अवलंबून नाही, म्हाताऱ्यांच्या संख्येवर आहे. युद्धानंतर जर्मनीत सगळ्यात जास्त मुलं जन्मली ती १९६४ साली. १९६४ पासून पुढे जन्मलेल्यांचं तिथलं निवृत्तीचं वय ६७. म्हणजे ती सगळ्यात मोठी तुकडी २०३१ ला घरी बसणार. त्यातल्या नर्सेसही घरी बसणार, आणि त्या सगळ्यांना पुढे नर्सेस लागणार. दोन्ही बाजूंनी जागा निघते. सगळ्या दीर्घ अंदाजांत मी डोळे मिटून विश्वास ठेवते तो याच जातीच्या आकड्यावर, कारण ती माणसं जन्मून मोजून झाली आहेत.

तेव्हा मागणी वर्षभरात आटायची नाही. अडचण दुसरीकडे आहे. करारातला दहा हजारांचा आकडा हा व्हिसा नव्हे आणि नेमणूकपत्रही नव्हे. नर्सला साधारण बी-टू पातळीची भाषा लागते, आणि तुझी पदविका तिकडे तपासून मान्य व्हावी लागते, त्यात कमी पडलेलं तिथे जाऊन भरून काढावं लागतं. एका वर्षात बी-टू नोकरी सांभाळून होईल असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याची फी किती आहे ते आधी विचार. माझ्या भाचीला रात्रपाळी करून पावणेदोन वर्षं लागली. बी-वनला एकदा नापास झाली, तेही बोलण्याच्या भागात, कारण क्लासमध्ये सगळे मराठीतच बोलायचे. परीक्षा पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनची दे. निकाल हातात येईपर्यंत नोकरी सोडू नकोस आणि एजंटाला रोख देऊ नकोस.

मॅडम, माणसं निवृत्त होतात म्हणून जागा निघतात, हे आपलं आवडतं सूत्र दिसतं. आपण २०१९ ला निवृत्त झालात. आपल्या जागेवर कोण लागलं, तेवढं कृपया कळवावं. – बँकेतून निवृत्त, ठाणे

कोणी नाही.

१९८७ ला रुजू झाले तेव्हा आमचे साहेब म्हणाले होते, ‘बाई, या खात्याला धोका नाही. देशात बेकारी आहे तोवर आपली नोकरी आहे.’ जूनमध्ये दहावीचा निकाल लागला की कार्यालयाबाहेरची रांग वळसा घेऊन पोस्टाच्या दारापर्यंत जायची. ‘कॉल आला का’ हा त्या काळी घराघरातला प्रश्न होता, आणि कॉल आमच्याकडूनच जायचा. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं, नुसती एम्प्लॉयमेंटची यादी मागवून भागणार नाही, जाहिरातही द्या, बाकीच्यांनाही बसू द्या. योग्यच होतं. पण त्या दिवसापासून कार्डाची किंमत उतरत गेली. पुढे नोंदणी ऑनलाइन झाली. महास्वयम् या सरकारी संकेतस्थळावर पोरं घरबसल्या नाव घालू लागली आणि रांग मोडली. बेकारी तेवढीच राहिली, साहेबांचं वाक्य मात्र खोटं ठरलं. माझ्या निवृत्तीनंतर सुधारित आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या नव्या यादीत, ते पद राहिलंच नाही. कार्डांचं काय केलं म्हणून विचारलं, तर रद्दीत गेली म्हणाले. डी.एड.चं कपाट तेवढं आहे, त्यात आता निवडणुकीचं सामान असतं.

पैठणच्या दादांना ‘दोन गेले म्हणून दोन घेतीलच असं नाही’ असं वर लिहिलंय, ते साहेब, अमेरिकेच्या अहवालातून घेतलेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात पेन्शनच्या एका कागदासाठी कार्यालयात गेले होते. माझी खुर्ची तिथेच आहे, खिडकीजवळ. तिच्यावर प्रिंटर ठेवलाय.